तळाशी मूठभर नागली

मित्रांनो, माझ्या पोटात आज काय आहे हे सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवे. मी एक जुनी कणगी आहे. बांबूच्या कामट्यांनी विणलेली, शेणामातीने आतबाहेर लिंपलेली, तोंडाशी निमुळती आणि कमरेशी ऐसपैस. धान्य सांभाळणे हे माझे काम. तरीही मला आज भरलेल्या दिवसांपेक्षा रिकाम्या दिवसांविषयी अधिक बोलायचे आहे. कारण रिकामेपणाला माणसे भितात, आणि त्या भीतीने एक अख्खे घर कसे गच्च भरून गेले, ते मी आतून पाहिले आहे.

माझा जन्म जव्हारकडच्या वांगणी गावचा. बुधा नावाच्या तरुण शेतकऱ्याने डोंगरउतारावरचे बांबू तोडले, अंगणात बसून त्यांच्या कामट्या काढल्या आणि मला विणायला घेतले. विणताना तो फारसा बोलत नसे. त्याची नवी नवरी कमू मात्र शेण कालवता कालवता त्याला चिडवत असे, की कणगी विणतोस की माझ्या माहेरच्यांना कोंडायला पिंजरा करतोस. तिने मला लिंपले. तिच्या तळव्यांचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत. ऊन तिरपे पडले की ते स्पष्ट दिसतात. विणणाऱ्याने मला आकार दिला, लिंपणारीने त्वचा दिली, असे मला नेहमी वाटते.

पुढे वर्षानुवर्षे मी भात पोटात घेतले, नागली म्हणजे नाचणी घेतली, कधी वरई. पाऊस झोडपत राही, रस्ता वाहून जाई, आणि माझ्या आत मात्र कोरडी, उबदार शांतता असे. बुधा येता-जाता बोटाच्या पेराने माझ्या अंगावर टकटक करी. आवाजावरून धान्य कुठवर आले आहे हे त्याला कळे. भरलेल्या भागाचा आवाज मुका, रित्या भागाचा घुमणारा. शेजारच्या पाड्यावरची माणसे मला पाहायला येत आणि अशीच एक विणून दे म्हणून त्याच्या मागे लागत.

आमच्याकडे एक रीत होती. नवे पीक खळ्यावरून घरात येण्याआधी कणगी पूर्ण रिती करायची. आडवी पाडून झाडायची, उन्हात ठेवायची, पुन्हा लिंपायची. मग तळाशी मूठभर नागली ठेवायची आणि त्यावर नवे धान्य ओतायचे. नागलीला सहसा कीड लागत नाही. ती वर्षे ओलांडून तशीच राहते. ती मूठ म्हणजे घराने स्वतःला दिलेला शब्द होता, की इथे काहीच नाही असे कधी होणार नाही.

बुधा-कमूचा मुलगा उमेश शिकला, मोखाड्याकडे आश्रमशाळेत शिक्षक झाला. त्याची पत्नी जयवंती जव्हारच्या एका कचेरीत लिपिक. त्यांनी जव्हारला घर घेतले: पुढे ओटी, मग दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वांगणीची शेती कमी होत गेली, तेव्हा कमूने मला सुनेकडे पाठवायचे ठरवले. निघण्याआधी तिने मला लिंपले, आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात मूठभर नागली बांधून माझ्या तळाशी ठेवली, आणि जीपच्या टपावर मला दोरीने बांधत असताना जयवंतीला म्हणाली, "बाय, हिला कधी रिकामी ठेवू नको."

त्याच वर्षी कमू गेली. तिचे ते बोलणे जयवंतीच्या मनात मागे राहिले, आणि ती पुरचुंडी माझ्या अंधारात.

आता शहरातल्या घरात तांदूळ पिशवीतून येतो आणि डब्यात जातो. माझ्यासाठी धान्य उरले नव्हते. मी कोपऱ्यात उभी होते आणि माझ्याकडे पाहताना जयवंतीचा चेहरा कसनुसा होई. सासूचा शब्द मोडतो आहे असे तिला वाटे. मग एके दिवशी तिने हर्षालीचे, म्हणजे तिच्या लेकीचे, लहान झालेले स्वेटर माझ्यात ठेवले. तिला बरे वाटले. नंतर जुन्या साड्या आल्या, लग्नपत्रिका आल्या, हर्षालीची पहिलीपासूनची पुस्तके आली, बंद पडलेले चार्जर, मिठाईचे रिकामे डबे, पिशव्यांत भरलेल्या पिशव्या आल्या. मी तोंडापर्यंत भरले. मग माझ्या शेजारी पोती आली, पोत्यांवर खोकी, खोक्यांवर कपडे. आतल्या खोलीतला पलंग आधी कपड्यांखाली गेला, नंतर त्याचा पलंगपणाच कुणाला आठवेना.

मित्रांनो, जयवंतीला आळशी समजू नका. कचेरीतले तिचे टेबल इतके नेटके होते, की साहेब नव्या माणसांना ते दाखवत. घरी मात्र ती एखादी वस्तू टाकायला उचले आणि तिचा हात हवेतच थांबे. याचे कारण वावर नावाच्या गावात गेलेल्या तिच्या लहानपणात होते. तिच्या माहेरीही एक कणगी होती, आणि एका वर्षी ती पावसाळ्याच्या मध्यावरच रिती झाली. छोटी जयवंती तिच्यात डोके घालून हाक मारी आणि हाक घुमून परत येई. त्या वर्षी तिचा पाठचा भाऊ वाचला नाही. तो घुमणारा आवाज ती कधी विसरली नाही. रिकामी जागा दिसली की तिच्यात काहीतरी ठेवावे, एवढेच तिला उमगे.

तिने प्रयत्न केले नाहीत असे नाही. सुटीच्या दिवशी ती मोबाइलवर घर आवरणाऱ्या बायकांचे व्हिडिओ पाही आणि उत्साहाने पदर खोची. त्यांचे पाहून तिने सामान नीट लावण्यासाठी झाकणांचे मोठे प्लास्टिकचे डबे आणले. ते डबे ठेवायला जागा नव्हती, म्हणून तेही ढिगावर गेले. शेजारच्या रुकसानाची मांजर एकदा आमच्या खोक्यांमागे व्याली, आणि पिल्लांनी डोळे उघडून बाहेर यायला सुरुवात केली तेव्हा कुठे सगळ्यांना पत्ता लागला. रुकसाना हसत म्हणाली, की ताई, तुझ्या घरात बाळंतपण उरकलं तरी बाहेर खबर लागत नाही. जयवंतीही हसली, पण नंतर कितीतरी वेळ दार लावून बसली. हर्षाली तर मैत्रिणींना ओटीवरूनच निरोप देई.

आणि मग यंदाच्या भातकापणीत बुधा शेताच्या बांधावरून घसरला. मांडीचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाडात सळई बसली, आणि वॉकर धरून सपाट जागेवरच चालायचे, निदान चार महिने सोबतीशिवाय राहायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. वांगणीत आता त्याच्याजवळ कोणी नव्हते. शेजारची घरेसुद्धा कापणी उरकून वीटभट्टीवर निघाली होती. उमेशने त्याला जव्हारला आणले.

बुधा ओटीवर आला, उंबरा ओलांडला, आणि वॉकर अडला. डावीकडे पोती, उजवीकडे खोकी. उमेशने एक खोके सरकवले तर वरचे दुसरे कोसळले. पलंगापर्यंत वाट नव्हती. शेवटी ओटीवरच खाट टाकली. जव्हारची थंडी तुम्हाला ठाऊक असेल. पहाटे ती ओटीवर पाहुण्यासारखी येते आणि घरधन्यासारखी पसरते. दोन दिवसांत बुधाला खोकला लागला. तो कुणाला काही बोलला नाही. फक्त उमेशला म्हणाला, की बाजाराच्या दिवशी वांगणीची जीप येते, तिच्यात मला बसवून दे.

जयवंती चहा घेऊन दारात उभी होती. तिने ते ऐकले. हा माणूस तिकडे एकटा गेला, रात्री उठताना पुन्हा पडला, तर त्याला उचलायला कोणी येणार नाही, हे तिला कळत होते. आणि तिचे घर त्याला चार हात जागा देऊ शकत नव्हते.

बुधाची नजर तिच्या मागे गेली. उघड्या दारातून मी त्याला दिसले. त्याने मला जवळ आणायला सांगितले. उमेशने कष्टाने ओढत मला ओटीवर आणले. कितीतरी वर्षांनी ती बोटे माझ्या अंगावर वाजली. वर, मध्ये, खाली. सगळीकडे मुका आवाज.

"काय भरलंस गं, बाय?" त्याने विचारले.

जयवंतीने खाली पाहिले. "आईंनी सांगितलं होतं, रिकामी ठेवू नको. धान्य नव्हतं. मग जे होतं ते भरलं."

 बुधा हसू लागला. खोकला मध्ये येईपर्यंत हसत राहिला. कमू असती तर तिनेही कपाळावर हात मारून घेतला असता, असे काहीसे तो म्हणाला. मग हळूहळू त्याने ती जुनी रीत सांगितली. रिकामी ठेवू नको म्हणजे तळाला मूठभर दाणे ठेव. बाकी दर वर्षी रिती करायचीच. रिती केल्यावाचून नवे धान्य तिच्यात कधी गेलेच नव्हते.

"रिकामं बघितलं की मला भीती वाटते, बाबा," जयवंती म्हणाली. हे तिने आजवर उमेशलाही सांगितले नव्हते.

"मला नाय वाटत काय?" बुधा म्हणाला. "तिचं लुगडं खुंटीला तसंच हाय. काढलं नाय. वांगणीला जायचं ते कसाला? त्याच्यापाशी बसायलाच."

 जयवंतीने सासऱ्याच्या खाटेच्या कडेला बसून त्याचा चहा स्वतः बशीत ओतला, तेव्हा मला कळले, की काहीतरी हलले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पदर खोचला आणि उमेशला सांगितले, की आज घर आवरायचे नाही. आज फक्त कणगी. मित्रांनो, हे वाक्य मला फार आवडते. अख्ख्या घराकडे पाहून ज्या हातांचे बळ जात असे, त्यांना एका कणगीएवढे काम झेपणार होते. त्यांनी मला अंगणात आडवी पाडली. बुधा खाटेवरून सांगत होता, उमेश ओढत होता. स्वेटर निघाले तेव्हा हर्षाली एक तळहातावर ठेवून म्हणाली, की मी एवढीशी होते तर माझा ढीग एवढा मोठा कसा. साड्या रुकसानाने गोधडीसाठी नेल्या आणि जाताना म्हणाली, की यात आमच्या मांजरीचा एखादा नातेवाईक निघाला तर कळव. एक स्वेटर जयवंतीने ठेवला. एकच. बाकीच्यांवरून हात फिरवून तिने ते शेजारच्या पाड्यावरच्या लेकरांसाठी बांधले.

शेवटी ती गुडघ्यांवर बसली आणि तळ झाडायला तिने माझ्यात डोके घातले. मी श्वास रोखला. तिच्या हाताला लुगड्याचा तुकडा लागला. तिने गाठ सोडली. आत नागली होती: बारीक, तपकिरी, कालच खुडल्यासारखी.

मी कधी रिकामी नव्हतेच. कमूने आपला शब्द आपणच पाळून मला पाठवले होते. सुनेवर भार नको म्हणून तिने ती मूठ आधीच ठेवली होती. आणि तोच भार सून इतकी वर्षे ढीगभर वस्तूंनी पेलत राहिली होती.

जयवंतीने ती पुरचुंडी सासऱ्याच्या ओंजळीत ठेवली. बुधाने गाठीचा तो तुकडा ओळखला. तो त्याने डोळ्यांना लावला. नंतर त्याने उमेशला जवळ बोलावले आणि जीपला नको म्हणून सांग, असे म्हटले. "तू एकटाच जा वांगणीला. खुंटीवरचं लुगडं घेऊन ये. ते एवढंच माझं सामान."

त्याच दुपारी दारापासून पलंगापर्यंतची वाट मोकळी झाली. कुणी सांगितले नव्हते, हात थांबलेच नाहीत. त्या संध्याकाळी वॉकर उंबऱ्यावरून आत आला आणि कशालाही न अडता खिडकीपर्यंत गेला. उरलेले घर पुढच्या आठवड्यांत एकेका कोपऱ्याने मोकळे होत गेले. ते अजून पुरते आवरलेले नाही. स्वयंपाकघरातल्या फळीवर पिशव्यांतल्या पिशव्या अजून आहेत, आणि जयवंती त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते. असू द्या.

मला तिने आणि हर्षालीने लिंपले. हर्षालीने आधी नाक मुरडले, मग कोपरापर्यंत हात बरबटून घेतले. कमूच्या ठशांवर त्यांनी माती लावली नाही. त्यांच्याभोवतीने हात फिरवला. जुनी मूठ दळणात टाकली, त्या पिठाच्या भाकऱ्या सर्वांनी खाल्ल्या, आणि नव्या नागलीची मूठ त्याच तुकड्यात बांधून माझ्या तळाशी ठेवली. कमूचे लुगडे बुधाच्या उशाशी एका खुंटीवर आहे. त्या भिंतीवर दुसरे काही नाही.

मित्रांनो, वस्तूंनाही श्वास घ्यावा लागतो. आम्हाला सांभाळणे म्हणजे आम्हाला कोंबून ठेवणे नव्हे. तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी गच्च भरलेली, मुकी झालेली वस्तू असेल. सगळे घर नको. तेवढी एकच उघडा, उन्हात न्या, तळापर्यंत हात घाला. आपल्या माणसांनी तुमच्यासाठी ठेवलेले काही तिथे वाट पाहत असेल.

बुधा रोज सकाळी वॉकर टेकत माझ्यापाशी येतो आणि पेराने टकटक करतो. मी घुमते. जयवंती स्वयंपाकघरातून तो आवाज ऐकते, आणि तिचा हात आता थांबत नाही. ती भाकरी थापत राहते.