घंटेचा दोर

काकड्याने पेटी उघडली आणि आत एक डांबरगोळी निघाली.

"जिवले!" त्याने असा आवाज दिला की अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. "माझं जहाज कुठाय?"

त्याची बायको जिवली चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "जहाज गेलं भंगारात. पेटीतलं विचारतो तर ते गावात हाय. पडून पडून सडत होतं, दिलं लोकांना वापरायला."

मी बाहेर टेम्पो चालू ठेवून हसू आवरत होतो. माझं कैनाड गावात किराणा दुकान. कोणाच्या घरची वस्तू कोणाच्या घरात नांदते, एवढं तरी मला ठाऊक असतं. काकड्याला ठाऊक नव्हतं, कारण तो पेटी उघडतच नसे. रोज संध्याकाळी नुसता तिच्यावर बसे.

आज उघडायला कारण होतं. तलासरीच्या एका शाळेत नौदल दिनाचं प्रदर्शन होतं आणि तिथल्या भारती बाईंनी याला बोलावलं होतं. वर फोनवर सांगितलं होतं, "नेव्हीकाका, मधल्या भिंतीवर खिळा ठोकून ठेवलाय. तुमच्या दोरासाठी." तेव्हापासून हा गडी झोपला नव्हता. पहाटेच पांढरा गणवेश चढवून बसला होता. पोटावरचं बटण श्वास रोखून आपली ड्यूटी करत होतं.

दोर म्हणजे जहाजाच्या घंटेचा. दोन हात लांब, पांढरा, गाठींवर गाठी. काकड्या नौदलात साधा खलाशी. बढती फारशी नाही, पदक एकही नाही. पण तो दोर त्याने भर समुद्रात बसून स्वतः विणला होता. जहाज मोडीत काढलं तेव्हा घंटा मोठ्या साहेबांकडे गेली आणि दोर कप्तानाने याच्या हातात ठेवला. जहाजाचं तेवढंच उरलं. "जहाजाच्या लोखंडाच्या ब्लेडी झाल्या असतील म्हणतात," काकड्या मला एकदा म्हणाला होता. "शेठ, दाढी करताना मी हळू हात फिरवतो."

"चल, बस," मी म्हटलं. "वसुलीला जाऊ."

पण आमच्याकडे उसनी नेलेली वस्तू कोणी रिकामी परत करत नाही. काहीतरी घालूनच द्यायची. त्यामुळे वसुली लांबली. विठाबाई पेटीतल्या मगाने वाल मोजत बसली होती. नांगराचं चित्र असलेला पांढरा मग. तिने तो धुतला, पुसला आणि वरपर्यंत चिकू भरले.

"अगं, प्रदर्शनाला न्यायचाय!"

"मग ने की. रिकामा नेशील तर लोक विठाबाईला काय म्हणतील?"

शिट्टी मुकेशकडे. कप्तान चढताना वाजवायची ती लांब शिट्टी, आणि हा तिच्यावर क्रिकेटची अंपायरिंग करायचा. ती देताना पोरगा अडला. शिट्टीत भरणार काय? शेवटी घरात जाऊन पापडीची पिशवी घेऊन आला. काकड्याने तिथेच शिट्टी ओठांना लावली आणि असा चढता सूर काढला की रस्त्यावरची म्हैस थांबली.

"काका, तुम्ही तर एकदम कडक वाजवता!" मुकेश म्हणाला.

"तू वाजवतो ते कुकर," काकड्या म्हणाला. आनंदाने त्याचे कान लाल झाले होते. "आता दोर! शेठ, दामट टेम्पो!"

दोर दक्षाकडे होता. घरात शिरलो आणि काकड्या उंबऱ्यातच थबकला. आढ्याला घंटेचा दोर, दोराला झोळी, झोळीत दक्षाचं सहा महिन्यांचं पोर. दक्षाचे डोळे तारवटलेले.

"दोन रात्री रडला, काका. दात येतायत. आता कुठं डोळा लागला." मग तिला त्याचा गणवेश दिसला, आणि कशाला आलाय तेही कळलं. तिने लगेच स्टूल ओढलं. "काढते. तुमचीच वस्तू. पण थांबा, रिकामा कसा देऊ? थोडे तांदूळ बांधते."

काकड्या स्टुलावर चढला. मी मनातल्या मनात तलासरीचं अंतर मोजत होतो. त्याने दोरावरून बोटं फिरवली, वरपासून खालपर्यंत, एकेक गाठ. एक जागा त्याने अंगठ्याने दाबून पाहिली. आढ्याची गाठ कोणीतरी धसमुसळी मारली होती. ती त्याने पोर न हलवता, एका हाताने झोळीचा भार तोलत सोडली आणि नवी मारली. मग खाली उतरला.

"काका, काढला नाही?"

"रिकामा कुठाय तो?" काकड्या हळूच म्हणाला. "भरलेला हाय."

त्याने झोळीला बोट लावलं. "आणि अशी गदागदा हलवू नको. लाट येते तशी. जाऊ दे, येऊ दे." झोळी संथ डुलायला लागली. पोराने झोपेतच ओठ चोखले.

टेम्पोत त्याने चिकूंचा मग मांडीवर घेतला. महामार्ग लागेपर्यंत चिकू खात होता, प्रदर्शनातले.

शाळेत मात्र धमाल झाली. शिट्टीसाठी पोरांची रांग लागली, आणि मगातले उरलेले चिकू भारती बाई पाठ फिरवेपर्यंत संपले. मधल्या भिंतीवर तो खिळा तेवढा बोडका होता.

"काका, दोर?" भारती बाईंचा चेहरा उतरला. "सगळ्यांना सांगितलं होतं मी."

काकड्याने टाचा जुळवल्या. बटणाने श्वास रोखला.

"ड्यूटीवर हाय, मॅडम. पोऱ्या चालायला लागला की सुट्टी मिळेल."

बाईंना काय कळलं कोण जाणे. पण खिळा त्यांनी उपटला नाही. काकड्या दिवसभर त्याच्याच शेजारी उभा राहिला आणि येईल त्या पोराला हवेत हात चालवून गाठी दाखवत राहिला. पोरं त्या रिकाम्या जागेकडे मान वर करून बघत होती.

परतताना त्याने मगात जिलेबी भरली आणि तो विठाबाईला दिला. शिट्टी मुकेशला. "आता कुकर वाजवू नको."

घरी पोचलो तेव्हा जिवलीने विचारलं, "मिळालं का तुझं जहाज?"

"चालू हाय," तो म्हणाला.

पेटी त्याने उघडली, डांबरगोळी नीट मधोमध सरकवली, झाकण लावलं आणि वर बसला.