अकरा क्लबांचा एकनिष्ठ

निष्ठा हा खेळाचा प्राण आहे आणि ज्याच्याकडे निष्ठा नाही तो खेळाडूच नव्हे, असं या गोष्टीतल्या माणसाचं ठाम मत होतं. त्याने स्वतः ही निष्ठा अकरा क्लबांना वाहिली. प्रत्येकाला पूर्ण वाहिली, हात राखून नाही. फक्त दर वेळी तिला मुदत असायची, आणि मुदत संपली की ती नव्या रंगाची जर्सी घालून पुढच्या गावी जायची.

तो मधल्या फळीत खेळायचा. फुटबॉलमध्ये पुढच्या फळीतल्याने गोल करायचे असतात, मागच्या फळीतल्याने अडवायचे असतात आणि मधल्या फळीतल्याने दोघांच्याही शिव्या खायच्या असतात. हे काम त्याने वर्षानुवर्षं चोख केलं. त्याचा पास सहसा चुकायचा नाही, कारण तो फार लांब जायचाच नाही. वर्तमानपत्रांनी त्याला पंचविशीतच 'अनुभवी' म्हणायला सुरुवात केली होती. अनुभवी म्हणजे ज्याच्या वेगाबद्दल चारचौघांत बोलू नये असा. आता पस्तिशीला टेकल्यावर तो 'भरवशाचा' झाला होता. त्याच्या पुढची पायरी 'माजी'.

संघातले सगळे त्याला 'पाहुणे' म्हणायचे. हे नाव पाचव्या की सहाव्या क्लबात पडलं आणि सामानाबरोबर पुढे येत राहिलं. "पाहुणे, मागे माणूस आहे!" असं कुणी मैदानावर ओरडलं की विरुद्ध बाजूचे क्षणभर गोंधळायचे. तेवढाच फायदा.

आता फुटबॉलमध्ये एक अलिखित रीत आहे. आपल्या जुन्या क्लबाविरुद्ध गोल केला तर आनंद दाखवायचा नाही. ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्या जखमेवर ते चोळायचं नाही. बाकीच्या खेळाडूंना ही रीत क्वचित पाळावी लागते. पाहुण्यांचा अर्धा मोसम माहेरीच जायचा. मुळात त्याचे गोल मोजके, आणि तेही नेमके जुन्या घरी. मग तो हात जोडायचा, मान खाली घालायचा आणि सावकाश मध्यरेषेकडे चालू लागायचा. अंगावर तीन पोरं आनंदाने लोंबकळतायत आणि मधे हा, शोकसभेचा अध्यक्ष.

सध्याच्या क्लबाच्या मालकांचा गाद्यांचा कारखाना होता. जर्सीच्या छातीवर गादीचं चित्र असायचं, त्यामुळे समोरच्या प्रेक्षकांना टोमणे सुचायला फारसे कष्ट पडायचे नाहीत. इथे पाहुण्यांचं दुसरं वर्ष संपत आलं होतं, आणि करारही.

त्या आठवड्यात जेवताना लेकीने चमचा खाली ठेवला. ती दहा वर्षांची होती आणि ठेवण्याची पद्धत एखाद्या निवृत्त न्यायाधीशाची.

"मी येणार नाहीये," ती म्हणाली.

"कुठे?"

"जिथे कुठे जाल तिथे."

"अगं, अजून काहीच ठरलेलं नाही."

"ठरलं की तुम्ही सांगता, आणि सांगितलं की लगेच खोकी येतात. म्हणून मी आधीच सांगतेय. तुम्ही जा. मी फोन करत जाईन."

तिची बाजू भक्कम होती. आजवरच्या प्रत्येक शाळेत ती 'नवी मुलगी' होती. जुनी व्हायच्या आत वडिलांची बदली व्हायची. या शाळेत पहिल्यांदाच तिच्यानंतर आणखी एक नवी मुलगी आली, आणि बाईंनी हिला सांगितलं, "हिला जरा शाळा दाखव." हिने तिला शाळा दाखवली, जिना, पाण्याचा नळ, कुठल्या बाकाचा खिळा टोचतो, सगळं. ती आता हिची जिवलग मैत्रीण होती. आयुष्यात पहिल्यांदा पोरीला एका जागेची खडा न् खडा माहिती झाली होती, आणि ती माहिती वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

त्याने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. बायको प्रत्येक गाव नळांवरून लक्षात ठेवायची. कुठे थेंब थेंब, कुठे गंजाचं पाणी, कुठे नळ उघडला की शेजारचा ओरडायचा.

"माझ्याकडे काय बघतोस? मी पण तिच्याबरोबर," ती म्हणाली. "इथल्या नळाला गरम पाणी येतं. आणि धारेने येतं. मी नाही हलत आता."

"म्हणजे मी एकटाच जायचं?"

"सुट्टीत येऊ की आम्ही. तेवढंच आम्हालाही कळेल, पाहुणे म्हणजे काय असतं ते."

ती हसत होती, पण थट्टा करत नव्हती. लग्नानंतर हे असं पहिल्यांदाच. त्याच्या ताटातलं गार झालं. करार वाढला नाही तर या टेबलाशी आपली खुर्ची रिकामी राहणार, आणि बाकीच्या दोन भरलेल्या असणार, हे त्याला तिथेच नीट दिसलं.

दुसऱ्या दिवशी सरावानंतर कोचने खोलीत बोलावलं. कोच त्याच्याहून वयाने लहान होता. चौथ्या क्लबात दोघं एका खोलीत राहायचे आणि कोच घोरायचा, त्यामुळे त्यांच्यात औपचारिकपणा टिकणं शक्यच नव्हतं.

"बस. मालक तुझ्याबद्दल विचारत होते."

"काय?"

"तू आजारी असतोस का, असं."

"मी?"

"गोल केलास की तुझं तोंड बघवत नाही म्हणे. या मोसमात दोन गोल केलेस. दोन्ही वेळा त्यांना वाटलं, घरून काही वाईट निरोप आला. म्हणतात, याला आपल्या क्लबाचं काही वाटतंय का? नसेल तर ठेवायचा कशाला?"

"अरे, दोन्ही माझे जुने क्लब होते!"

"मला कळतं रे. पण मालक गाद्यांच्या धंद्यातले. त्यांनी क्लब विकत घेतलाय, त्याच्या रिती नाही घेतल्या."

"मग मी काय करू?"

"शनिवारी शेवटचा सामना आहे. एक गोल कर आणि जरा नाच."

"गोल काय सांगून होतो का?"

"मग दुसऱ्या कुणी केला तर नाच. पण नाच. मी माझ्याकडून शब्द टाकलाय, पण मालकांना डोळ्यांनी दिसायला हवं."

"समोर कोण आहे?"

"ते हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांवाले."

पाहुण्यांचा चेहरा पडला. "तिथे मी होतो."

"कधी?"

"एक हिवाळा. उसना दिला होता मला."

कोचने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "बाबा रे, तू कुठे नव्हतास तेवढं सांग. पुढच्या वर्षी फक्त त्यांच्याशीच खेळू."

शनिवारचा सामना तसा कुणाच्याच उपयोगाचा नव्हता. गादीवाल्यांना वर चढायची आशा नव्हती आणि खाली घसरायची भीती नव्हती. हिरव्या-पांढऱ्यांचंही तेच. अशा सामन्यात खेळाडू दुखापत होऊ नये एवढ्या वेगाने पळतात आणि प्रेक्षक सुट्टीत कुठे जायचं ते ठरवतात. ते याच मोसमात खालच्या गटातून वर आले होते, आणि त्यांच्याशी पहिला सामना झाला तेव्हा पाहुण्यांची पोटरी दुखावली होती, त्यामुळे या मंडळींशी त्याची गाठ आजच पडत होती. स्टँडमध्ये बायको आणि लेक बसल्या होत्या. वर काचेमागे मालक.

दुसऱ्या अर्ध्यात एक कॉर्नर मिळाला. पाहुणे सवयीप्रमाणे गर्दीत उभे राहिले, म्हणजे गर्दी आणखी दाट दिसावी म्हणून. चेंडू आला. हिरव्या-पांढऱ्या बचावपटूने तो जिवाच्या आकांताने बाहेर मारला. तो पाहुण्यांच्या कानामागे आपटला आणि जाळ्यात गेला.

मैदान उसळलं. एक पोरगं त्याच्या पाठीवर चढलं, दुसरं गळ्यात पडलं. कोच रेषेवरून दोन्ही हातांनी 'नाच, नाच' अशा खुणा करत होता. स्टँडमध्ये लेक खुर्चीवर उभी राहून हात उंच फेकत उड्या मारत होती, जणू विसरभोळ्या विद्यार्थ्याला उत्तर दाखवतेय. पाहुण्यांना सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं. त्याने हात उचलले. ते कंबरेपर्यंत आले, छातीपर्यंत आले, आणि तिथे एकमेकांना भेटून जोडले गेले. इतक्या वर्षांची सवय. हात मालकाचं ऐकेनात, दोन्ही मालकांचं. मान खाली गेली. तो हिरव्या-पांढऱ्या प्रेक्षकांकडे वळला आणि कमरेतून वाकला.

 त्या प्रेक्षकांनी आधी एकमेकांकडे पाहिलं. मग एक म्हातारा टाळ्या वाजवू लागला, कारण कुणी आपल्याला मान देत असेल तर चौकशी कशाला करा. बघता बघता सगळे उभे राहिले. काचेमागे मालकांनी कपाळाला हात लावला.

समोरचा गोलकीपर जाळ्यातून चेंडू काढत होता. कोवळा पोरगा, शिष्टाचाराचा.

"काका, हे काय?"

"असू दे रे. तुमचं मीठ खाल्लंय."

"आमचं? कधी?"

"बरीच वर्षं झाली. बिस्किटांच्या कारखान्याशेजारचं मैदान. दुपारी सगळीकडे खमंग वास सुटायचा..."

"अहो काका, तो नदीपलीकडचा क्लब! त्यांचे पट्टे उभे. आमचे आडवे आहेत, बघा."

पाहुण्यांनी पाहिलं. पट्टे आडवे होते.

"आणि त्यांचं-आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे," गोलकीपर आवाज खाली आणून म्हणाला. "हळू बोला. आमची माणसं अजून टाळ्या वाजवतायत."

गादीवाल्यांनी सामना त्याच एका गोलावर जिंकला. ड्रेसिंग रूममधून तो बाहेर आला तेव्हा बायको आणि लेक मालकांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. निरोप त्याच्याआधी त्यांच्यापर्यंत पोचला होता: मालकांनी बोलावलंय.

"त्या गावात आपण कधी राहत होतो?" बायकोने विचारलं.

"नव्हतोच."

"तरीच. मी मघापासून नळ आठवतेय."

 लेकीने फक्त त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली, हे त्याला जास्त लागलं.

मालकांच्या टेबलावर स्पंजचे चौकोनी नमुने पडले होते. ते एकात बोट रुतवत होते. नमुना खाली जायचा, वर यायचा.

"बसा, पाहुणे. मला एकच सांगा. दर वेळी वारतं कोण?"

अनुभवी खेळाडूला रेफरीसमोर निरागस चेहरा करता येतो. या बळावर त्याने अनेक पिवळी कार्डं वाचवली होती. जुन्या क्लबाचे उपकार, डोळ्यात पाणी, असं काहीतरी सहज रचता आलं असतं. पण दार अर्धवट उघडं होतं आणि फटीत लेकीचे बूट दिसत होते.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "तो माझा जुना क्लब नव्हता. मला वाटलं होता."

"म्हणजे तुम्ही जिथे खेळलातच नाही, त्यांची माफी मागितलीत?"

"हो."

"वाकून?"

"हो."

मालकांनी दुसरा नमुना घेतला. "मग उद्या आमचंही असंच होणार. कुणी विचारलं तर तुम्हाला आठवायचंही नाही, हे गादीवाले कोण."

"इथलं आठवेल."

"कशावरून?"

 या धंद्यात एक वाक्य कुणी बोलत नाही. त्याच्या एजंटने त्याला पहिल्याच वर्षी बजावलं होतं की राहायची इच्छा चेहऱ्यावर दिसता कामा नये, बॅग नेहमी अर्धी भरलेली वाटली पाहिजे, त्याने भाव राहतो. अकरा क्लबांत त्याने ती इच्छा कुणाला दिसू दिली नव्हती. बऱ्याचदा ती नव्हतीही.

"मला इथून जायचं नाहीये," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. "मला नाचता येत नाही. हात वर जातच नाहीत. पण माझ्या मुलीला इथे मैत्रीण मिळालीय. मी गेलो तर त्या दोघी येणार नाहीत. मला एकट्याला जायचं नाहीये."

मालकांचं बोट स्पंजमध्येच राहिलं.

"या खोलीत सगळे येतात ते जायचंय म्हणून," ते म्हणाले. "कुणाला मोठा क्लब हवा, कुणाला समुद्र हवा. राहू द्या म्हणणारे तुम्ही पहिलेच."

दार उघडलं. "बाबा, झालं का?" लेकीने विचारलं. मग मालकांकडे पाहून, "नमस्कार."

"नमस्कार. तुझं काय म्हणणं?"

"आम्ही दोघी इथेच आहोत. बाबांचं तुम्ही ठरवा."

"ते इथे किती दिवस हवेत तुला?"

"माझी शाळा संपेपर्यंत."

"गुडघा तेवढा टिकणार नाही," पाहुणे प्रामाणिकपणे म्हणाले. बाहेरून बायको खोकली.

मालक हसले. आधी नाकातून, मग पोटातून, मग खुर्चीसकट. "दोन वर्षं. पहिल्या वर्षी खेळा, दुसऱ्या वर्षी आमच्या पोरांना पास द्यायला शिकवा. आडवे का होईना. पण एक अट. पुढचा गोल झाला की हात वर."

"समोर कोण असेल तर?"

"कोणीही असो. मी असलो तरी."

गाड्या लावायच्या जागेत त्याची शिकवणी तिथल्या तिथे सुरू झाली. लेक समोर उभी राहून सूचना देत होती. "हात जोडायचे नाहीत! लांब, लांब ठेवा एकमेकांपासून!" बायको गाडीला टेकून हसत होती. कोच घरी निघाला होता, तोही थांबला. "खांद्यापासून उचल रे, देवळात नाहीयेस!" पाहुण्यांनी उडी मारली. उडी बोटभरच होती, पण हात वर होते, अगदी सरळ वर, आणि ते त्याने लगेच खाली आणले नाहीत. रखवालदाराने शिट्टी वाजवली. लेकीने दहापैकी चार गुण दिले आणि म्हणाली, वर्षभर वेळ आहे, जमेल.

त्याच सुट्टीत शाळेची इमारत दुरुस्तीला निघाली आणि सगळे वर्ग शहराच्या दुसऱ्या टोकाला हलले. तिथून हे घर लांब पडत होतं, म्हणून त्यांनी घर बदललं.