गोंदण दिसलं तरच चूल

मित्रांनो, माझं पोट पाहून हसू नका. मी तांब्याची म्हातारी डेग आहे आणि पोट नसलेली डेग कुणाच्या कामाची? एका वेळी साठ लेकरांचं जेवण माझ्यात शिजायचं. आता मी चकलांबा गावाच्या चावडीत कोपऱ्यात पालथी पडून असते.

माझा जन्म अंबाजोगाईचा. तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि सरकारी कागदांत त्या गावाला मोमिनाबाद म्हणत. एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकार दिला. अजूनही अंगावर हात फिरवला तर त्या ठोक्यांचे वण लागतात. शेवटी मला आतून कल्हई केली. उघड्या तांब्यात ताक, चिंच असं काही आंबट ठेवलं की ते कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं. म्हणून आतून कथलाचा पांढरा मुलामा देतात, तीच कल्हई. ती सहा-आठ महिने टिकते, मग पुन्हा करावी लागते. हे ध्यानात ठेवा, माझी सगळी गोष्ट त्यावरच आहे.

पहिली काही वर्षं चकलांब्यात लग्नकार्यांत गेली. मग फसली तेराशे तीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या सुमाराला, पाऊस दडी मारून बसला. गावाजवळ तलावाच्या बांधाचं दुष्काळी काम निघालं. बायका डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायच्या आणि त्यांची रांगती-चालती लेकरं उन्हात ढिगाऱ्यापाशी रडत पडायची. कामावरचे मुकादम विठ्ठलराव यांनी त्यांच्यासाठी तुराट्यांचं एक छप्पर उभं केलं. मला गावातून गाडीत घालून तिथं आणलं आणि स्वयंपाकाला जानकीबाई आली.

जानकीबाई चाळिशीची विधवा. बोलायला फटकळ, हाताला मोठी चवदार. हनुवटीवर तीन ठिपक्यांचं हिरवं गोंदण. ती ज्वारीच्या कण्या आधी भिजत घालायची, मग मूठभर मुगाच्या डाळीबरोबर मऊ शिजवायची. वरून शेवग्याचा कोवळा पाला आणि जवसाचं कूट. दात न आलेल्यांसाठी वेगळं घोटून घ्यायची. पळसाच्या पानांचे द्रोण मांडून सगळ्यात धाकट्याला आधी वाढायची. बिनमिरचीचं पाहून एखादी आई नाक मुरडायची, तर जानकीबाई म्हणायची, "त्यायच्या जिभा कवळ्या हायत. तुमची मिरची तुमच्यापाशी राहू द्या." महिन्याभरात लेकरांचे गाल जरा भरले.

सुरुवातीलाच मीरासाब कल्हईवाल्यानं मला पांढरीशुभ्र करून दिलं होतं. जाताना त्यानं बजावलं, "बाई, राख से धोना. ईंट का भुगा नको लगाना. कलई उतरी तो खट्टा जहर होता, याद रखो."

जानकीबाईनं ते चार महिने पाळलं. मग एका संध्याकाळी विठ्ठलराव आले. "जानकीबाई, उद्या गिरदावर साहेब तपासणीला यायलेत. छप्पर राहायचं का मोडायचं, ते त्यायच्या हातात हाय. भांडं आरशावानी दिसलं पायजे."

छप्पर मोडलं तर लेकरं पुन्हा उन्हात जाणार. जानकीबाईनं पदर खोचला, चिंच आणि विटेचा भुगा घेतला आणि मला घासायला बसली. आधी बाहेरून. मग हात थांबेनाच, म्हणून आतूनही. मी आतबाहेर लालबुंद झळकू लागले. खरं सांगू? मी फार खूष झाले. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात, ते माझ्या बाबतीत त्या दिवशी खरं झालं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

सकाळी छबुबाई आली. त्या दुष्काळात गावात तिची एकच म्हैस दुधाला टिकून होती. तिनं घागरभर ताक आणलं आणि म्हणाली, "लेकरं रोज त्याच कण्या खायलेत. आज आंबील करा." जानकीबाईला आनंद झाला. तिनं ज्वारीच्या पिठाची ताक घालून आंबील केली. साहेबांसमोरच पंगत बसवायची होती, म्हणून आंबील माझ्यातच राहिली. साहेब दुपार कलल्यावर आले. त्यांनी मला टिचकी मारली आणि म्हणाले, "वाह, क्या चमक है!" छप्पर राहिलं. लेकरं जेवली.

दिवस मावळायच्या आत उलट्या सुरू झाल्या. चाळीसएक लेकरांना झाल्या. कुणी दगावलं नाही, पण रुक्मिणीबाईचा दीड वर्षांचा सुग्रीव दोन दिवस धड डोळे उघडत नव्हता. त्या दोन दिवसांत मी काय भोगलं ते मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी बायका छपरापाशी जमल्या. रुक्मिणीबाई छबुबाईवर धावून गेली. "हिच्या ताकानं झालं! हिला गावात ठिऊ नका."

छबुबाई रडकुंडीला आली. "बायांनो, माजी नात बी तीच आंबील पिलती. म्या कावून इख घालू?"

कुणी ऐकेना. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. चोर मी होते आणि मला तोंड असून बोलता येत नव्हतं. त्या गडबडीत माझ्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. जानकीबाईनं मात्र मला कलतं करून आत पाहिलं. माझ्या आत कल्हईचा पत्ता नव्हता. काठाखाली हिरव्या किटाचं कडं चढलं होतं.

विठ्ठलरावांनीही ते पाहिलं. हळूच म्हणाले, "बाई, गप ऱ्हावा. ह्ये वर गेलं तर छप्पर जाईल अन् तुमी बी जाल."

तिनं एकदा छपराकडं पाहिलं, एकदा छबुबाईकडं. मग तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, बायकांच्या मधोमध आणून आडवं केलं. "ह्ये बघा. म्या घासघासून कल्हई काढली. मीरासाबनं बजावलतं, म्या ऐकलं न्हाई. ताक चांगलं हुतं. छबूचा काई गुन्हा न्हाई. काय म्हणायचं ते मला म्हणा."

रुक्मिणीबाई लेकरू उचलून निघून गेली. तिच्यामागं बाकीच्याही गेल्या. छप्पर ओस पडलं.

दुसऱ्या दिवशी जानकीबाई आणि छबुबाईनं मला बांबूला बांधलं, खांद्यावर घेतलं आणि दोन कोसांवरच्या बाजारात मीरासाबकडं नेलं. त्यानं आधी पोटभर रागावून घेतलं आणि मग भट्टी पेटवली. मी पांढरी होऊन परत आले.

तेव्हापासून जानकीबाईनं एक नेम केला. रोज सकाळी ती माझ्यात वाकायची. हनुवटीचं गोंदण पांढऱ्या तळात दिसलं तरच चूल पेटवायची. आत तांबडं दिसलं तर मातीच्या मडक्यात शिजवायचं, मग कितीही वेळ लागो. ज्या आईला बघायचं तिनं येऊन बघावं, आणि पहिला द्रोण जानकीबाईनं सगळ्यांदेखत खायचा. विठ्ठलरावांनी तिला काढलं नाही. साठ जणांचं रांधायला दुसरं कोण येणार होतं?

पहिल्या दिवशी एकटी छबुबाईची नात जेवायला आली. मग चार, मग वीस. नवव्या दिवशी रुक्मिणीबाई आली. सुग्रीव कडेवर होता, हातपाय काटकीसारखे. ती माझ्यात वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मग लेकरू खाली ठेवलं आणि जानकीबाईला म्हणाली, "आदी तू खा."

जानकीबाईनं खाल्लं. मग रुक्मिणीबाईनं द्रोण तिच्या हातून घेतला आणि सुग्रीवला स्वतः भरवलं.

बांध पुरा झाला, छप्पर मोडलं, मी चावडीत आले. जानकीबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. दर दसऱ्याला गावची माणसं मला बाहेरून चिंच लावून चकचकीत करतात आणि कौतुक करतात. मित्रांनो, तुमच्या गावात लेकरांसाठी कुठं काही शिजत असेल, तर भांड्याच्या चमकेवर जाऊ नका. आत वाकून बघा. चूक तुमच्या हातून झाली असेल, तर भांडं चारचौघांत आडवं करा.

परवा कुणीतरी म्हणत होतं, यंदा गावजेवणाला हीच डेग काढू, छान कढी करू. माझ्या आत आज सगळं तांबडं आहे. जानकीबाई असती तर तिनं चूल पेटवली नसती.