दहावी ओळ

"ही पायरी अर्धीच आहे, जपून," काका म्हणाले, आणि अडखळले ते स्वतःच. काकूंनी त्यांचा दंड धरला. दुसऱ्या हातातली बादली हिंदकळली आणि पाणी काकूंच्याच चपलेत गेलं. सकाळी उठून दोन बस बदलून, पुढं मैलभर चालून त्या इथवर आल्या होत्या, आणि बोलण्यासारखं जे होतं ते पहिल्या बसमध्येच बोलून झालं होतं.

काकांना पुरातत्त्व खात्यात सगळे ठसेकाका म्हणत. जुन्या थडग्यांवरच्या लेखांचे कागदी ठसे घेणं हे त्यांचं काम. दगड धुवायचा, ओला जाड कागद त्यावर पसरायचा, कागद अक्षरांत शिरेपर्यंत ब्रशनं ठोकायचा आणि वाळला की अलगद सोलून घ्यायचा. एकतीस वर्षं हेच केलं. महिन्यातले वीस दिवस ते कुठल्या ना कुठल्या तळघरात मेलेल्यांच्या उशाशी बसलेले असत. राजे, राण्या, सरदार, एका राजाचा तर घोडासुद्धा. मेलेल्यांत काकांच्या ओळखी दांडग्या होत्या. जिवंतांचं म्हणाल तर शेजारी कोण राहतं हे त्यांना निवृत्त झाल्यावर कळलं.

काकू आजवर एकदाही बरोबर आल्या नव्हत्या. आज आल्या त्याही हौसेनं नव्हे. काकांच्या गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारला होता आणि बादली धरायला कुणीतरी हवं होतं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असं त्या स्वतःच म्हणाल्या.

एकोणीस पायऱ्या उतरल्यावर थडगं आलं, आणि त्याच्या उशाच्या भिंतीत माणसाच्या उंचीची लेखाची शिळा. पहारेकऱ्यानं दिवा टांगला, पाच वाजता कुलूप लावणार म्हणून बजावलं आणि तो वर उन्हात जाऊन बसला. झिरपणाऱ्या पाण्यानं छत खचत चाललं होतं. सोमवारी दाराशी भिंत घालून हे तळघर कायमचं बंद करायचं ठरलं होतं.

काकूंनी शिळा पाहिली, थडगं पाहिलं, छताची ओल पाहिली.

"एवढ्यासाठी जात होतात?"

"एवढ्यासाठीच," काका म्हणाले.

खात्याच्या दप्तरात या शिळेवर नऊ ओळी होत्या. बावीस वर्षांपूर्वी काकांनीच त्यांचे ठसे घेतले होते. नव्या साहेबांचं म्हणणं सरळ होतं, ठसे आहेत, फोटो आहेत, मग पुन्हा कशाला? काकांनी तीन अर्ज केले. चौथ्या वेळी ते साहेबांच्या टेबलासमोर नुसते बसून राहिले. साहेबांनी कंटाळून सही केली. खरं कारण काकांनी साहेबांना सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही.

ओळी नऊ नव्हत्याच. दहा होत्या.

भिंतीचा आधार घेत काका शिळेच्या पायथ्याशी बसले. तिथं खालच्या कडेला वीतभर मातीचा लेप होता. त्यावरून बोटं फिरवत, काकूंकडे न बघता, ते सांगू लागले. तेव्हा नऊ ओळींचे ठसे वाळले होते आणि ही एक राहिली होती. खाली ओल जास्त, कागद वाळायला दुसरा दिवस लागला असता. आणि त्यांना तर त्याच दिवशी घरी निघायचं होतं. संध्याकाळी तपासनीस येणार, त्याला ओळ दिसली की तो थांबवून घेणार. म्हणून काकांनी चिखल कालवला, ओळीवर थापला, कागदावर 'ओळी नऊ' असं लिहून दिलं आणि बस गाठली. महिन्याभरात येऊन गुपचूप ठसा घेऊ असं मनाशी ठरवलं होतं. पुढं या भागातलं काम त्यांच्याकडे पुन्हा आलंच नाही.

"काय लिहिलंय त्या ओळीत?" काकूंनी विचारलं.

"पाथरवटाचं नाव. इकडच्या शिळांवर शेवटची ओळ पाथरवटाची असते. वरच्या नऊ राजाच्या. राजाचं काय, त्याचं नाव वेशीवर आहे, नाण्यांवर आहे. ह्याचं तेवढंच."

मग त्यांनी लाकडी पट्टी घेतली आणि लेप कडेनं सोडवायला लागले. हात अजून शाबूत होते. जखमेवरची पट्टी काढावी तसं त्यांचं चाललं होतं. लेपाचा पहिला तुकडा निघाला तेव्हा त्याच्या पाठीला दगडाची पापुद्र्यासारखी कपची चिकटून आली. दुसऱ्या तुकड्याबरोबर दगड पिठासारखा भुरभुरला. त्या मातीनं बावीस वर्षं ओल धरून ठेवली होती. उघड्यावर राहिलेल्या नऊ ओळी कालच कोरल्यासारख्या स्वच्छ होत्या, आणि काकांनी झाकलेली ओळ तेवढी गेली होती. एक उभी रेघ शिल्लक होती. त्यांनी ओला ब्रश नुसता टेकवला, तीही विरघळली.

काकांना रडू आलं नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं. इतकी वर्षं ते कुणा ना कुणाचं नाव वाचवायला तळघरं उतरत होते, आणि ज्याच्यासारखं स्वतः हातानं काम करत होते, नेमकं त्याचंच नाव त्यांनी पुसून टाकलं होतं.

"पण त्या दिवशी एवढी घाई कसली होती?" काकूंनी विचारलं.

"तुझं पत्र आलं होतं."

दोन ओळींचं पत्र होतं ते. कारण काही नाही, एकदा लवकर या. काका धावत घरी गेले होते, तर काकू एवढंच म्हणाल्या होत्या की चिखलाचे बूट बाहेर काढा. ते काकांच्या मनात कायम थोडं सलत राहिलं होतं.

काकू थडग्याच्या काठावर बसल्या.

"माझी पेटी भरलेली होती त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "शुक्रवारच्या गाडीनं मुलांना घेऊन माहेरी जाणार होते. परत न येण्यासाठी. दोन वर्षं एकटीनं काढली होती मी त्या घरात, भिंतींशी बोलत. तुम्ही गुरुवारी आलात."

"मला बोलली नाहीस कधी."

"आलात ना तुम्ही, मग काय बोलायचं? तुम्ही आंघोळीला गेलात तेवढ्यात पेटी रिकामी केली."

वरून पाण्याचा थेंब पडत होता, थांबत होता, पुन्हा पडत होता.

"त्या बिचाऱ्याचं नाव आपल्यापायी गेलं," अखेर ते म्हणाले. काकूंनी त्या 'आपल्या'ला हरकत घेतली नाही. त्या उठल्या, पिशवीतला जाड कागद काढून बादलीत भिजवला आणि त्यांच्यापुढं धरला.

"आता तिथं काही नाहीये," काका म्हणाले.

"नाही, ते दिसतंय मला. पण ओळ होती, एवढं तरी कळू दे कुणाला."

काकांनी कागद लावला. वरच्या नऊ ओळींसाठी करत तसाच, कोपऱ्यापासून, एकही बुडबुडा न ठेवता ठोकला. काकूंनी खालचं टोक दाबून धरलं. नंतर दोघं थर्मासमधला चहा पीत बसले. प्रत्येक ठशाला एक चिठ्ठी लागते. ती काकांनी गुडघ्यावर ठेवून लिहिली. ओळी: दहा. दहावी: नष्ट. कारण या रकान्यापाशी पेन्सिल थांबली. माझं पत्र घालू नका त्यात, काकू म्हणाल्या. काका म्हणाले, ते माझं मी बघतो, आणि त्यांनी लिहिलं: 'ठसे घेणाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी मातीनं झाकली.' खाली पूर्ण सही केली.

पाच वाजत आले तरी कागद वाळला नव्हता. बिघडायला त्यावर अक्षरच नव्हतं, म्हणून काकांनी तो ओलाच सोलून बरोबर आणलेल्या फळीवर आडवा घेतला. पुढचं टोक काकूंनी धरलं, मागचं काकांनी. काकू उलट्या पावलांनी चढत होत्या, पायरी अंदाजानं शोधत, आणि काकांचे गुडघे भरून आले की न सांगता थांबत होत्या.

दारात पहारेकरी किल्ली घेऊन बसला होता. काय मिळालं, म्हणून त्यानं विचारलं.

"पाथरवटाची ओळ," काकू म्हणाल्या.

पहारेकऱ्यानं मान लांबवून फळीवरचा कोरा कागद पाहिला. मग काकांच्या तोंडाकडे पाहिलं. हातातली सिगारेट विझवून तो उठून उभा राहिला आणि त्यानं त्यांना वाट करून दिली.