दुर्बिणीला तेल

बाबांचं एक तत्त्व होतं: यंत्र कुठलंही असो, कुरकुरलं की त्याला तेल हवं. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, तो दुसरं काय म्हणणार! पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे घर. त्यामुळे दाराची बिजागरी, छत्रीची काडी, आत्याच्या चष्म्याची दांडी, सगळ्यांना आळीपाळीने थेंब मिळायचा.

त्यांच्या मुलीला घरीदारी सगळे भोंगा म्हणत, कारण तिची कुजबुजसुद्धा दोन घरं पलीकडे ऐकू जायची. या भोंग्याला आकाशाचं वेड लागलं. खिशात खडखडाट, पण डोळे तर फुकटचे होते! वाचनालयातून ताऱ्यांचा नकाशा आणला, नकाशा वाचताना डोळे दिपू नयेत म्हणून टॉर्चला लाल कागद बांधला, आणि रोज गच्चीवर बसून नुसत्या नजरेने एकेक तारा ओळखीचा करून घेतला. मग कधीतरी भंगारवाल्याने दुरुस्तीच्या मजुरीऐवजी एक जुनी, दोन नळ्यांची दुर्बीण बाबांच्या पुढ्यात ठेवली. भोंग्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

शाळेत आकाश बघणाऱ्या मुलांचं मंडळ काढा, या तिच्या मागणीला मात्र मुख्याध्यापिकांचं ठरलेलं उत्तर होतं. मोठी दुर्बीण आली की आकाश मंडळ सुरू करू. ती कधी येणार, हे आकाशालाच ठाऊक. शेवटी विज्ञानाच्या तासाला भोंगा भर वर्गात उठली नि म्हणाली, "मोठी कशाला हवी? माझ्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसतात!"

आणि ही काही बढाई नव्हती. तिने ते पाहिले होते.

विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी येते. मला दिसले तर मंडळासाठी मुख्याध्यापिकांशी मी भांडेन. नाही दिसले तर वर्षभर मंडळाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल!" पलीकडच्या वर्गालाही कळलं.

दुसऱ्या दिवशी ती धापा टाकत घरी आली, तर बाबा दुर्बीण पुसत बसलेले. चेहऱ्यावर मोठं समाधान.

"हे नजर जुळवायचं चाक फार घट्ट फिरत होतं गं. उजवी नळी खोलली, मस्त तेल घातलं. डावीही घेणार होतो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. फिरवून बघ, लोणी आहे लोणी!"

चाक खरंच लोण्यासारखं फिरत होतं. भोंगा गच्चीवर पळाली. अंधारून आलं होतं, गुरू समोरच्या इमारतीच्या वर चढला होता. तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. एका गुरूचे दोन झाले होते. त्यातला एक तर धुक्यात बुडवून काढल्यासारखा.

"बाबा! तुम्ही हे काय करून ठेवलंत?"

बाबांनी वर येऊन पाहिलं आणि ते गप्प झाले. मागोमाग आलेल्या आत्याने पाहिलं आणि ती मुळीच गप्प झाली नाही. "एकाच्या जागी दोन मिळाले, तर हिची तक्रार! तेलाचे पैसे तरी मागितलेस का रे दादा हिच्याकडे?"

"आत्या, गंमत नाहीये ही! मंडळ जाईल माझं!"

तिने पुन्हा पाहिलं. उजवा डोळा मिटला, तर धुक्यातला गुरू नाहीसा झाला. डाव्या नळीत उरला तो लख्ख, बटणासारखा गोल. पण दुर्बीण हातात धरली की सगळंच नाचत होतं. बाबा खाली गेले आणि कापडाच्या चिंध्यांनी भरलेलं पोतं उचलून घेऊन आले. पोतं कठड्यावर, पोत्यात रुतवलेली दुर्बीण. गुरू हलायचा थांबला. त्याच्या एका बाजूला दोन ठिपके, दुसऱ्या बाजूला एक.

एवढ्यात बाई वर आल्या.

"बाई, उजवी नळी बिघडलीये. एकाच डोळ्याने बघायचं."

बाई वाकल्या, एक डोळा मिटला, बराच वेळ पाहत राहिल्या. मग सरळ होऊन हसल्या. "वा! छान दिसतात की."

"किती दिसले?"

"चार."

 आज चार नव्हतेच. एक गुरूच्या आड गेला असणार. बाईंना काहीच दिसलं नव्हतं आणि त्या तिचं मन राखत होत्या. आता नुसतं "थँक्यू बाई" म्हटलं की मंडळ तिचं. आत्याने मागून तिला कोपराने ढोसलं, म्हणजे, गप्प बस.

गप्प बसेल तर भोंगा कसली!

"बाई, आज तीनच आहेत. तुम्हाला दिसले नसतील तर नाही म्हणा ना. न बघता मंडळ नको मला."

 बाईंनी पदराने चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

"नाही दिसले गं. नुसता धुरकट गोळा. तुझं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

"धुरकट? कुठला डोळा मिटलात तुम्ही?"

"डावा. मला उजवा मिटताच येत नाही. उजवा मिटला की दोन्ही मिटतात."

"अहो, मग उजव्या नळीतून पाहिलंत! तिच्यातच बाबांचं तेल आहे." भोंग्याने बाईंचे खांदे धरले आणि त्यांना पोत्याकडे तोंड करून चक्क बाजूला सरकवलं. शिक्षिकेला असं सरकवतात का, हा विचार तिला नंतर सुचला. "आता हा उजवा डोळा डाव्या नळीला लावा. श्वास सोडा. घाई नको."

बाई वाकल्या. चाक जरा मागेपुढे फिरवलं. मग आवाज बदलला.

"एकीकडे दोन. आणि पलीकडे... एक. एका रेषेत!"

"हो! हो! हो!" हे तीन घरं पलीकडे गेलं असेल.

बाई जागच्या हलेनात. आत्याने थोडी वाट पाहिली, मग पुढे सरसावली. "बाई, झालं असेल तर सरका आता. मीही माणूस आहे."

"एकच मिनिट हं." डोळा न काढताच बाई म्हणाल्या, "भोंगा, मंडळात नंबर कसे लावायचे ते तू आधीच ठरवून ठेव. नाहीतर माझ्यासारखं कुणी जागचं हलायचंच नाही."