ढोरे सरांचं वाण

ढोरे सरांचं नवं सोयाबीन आपल्याच शेतात पेरायला येणार हे कळलं, त्या दिवशी शुभदाला जेवण गोड लागलं.

पीएचडीची सगळी वर्षं तिनं सरांच्या हाताखाली काढली होती. पिवळा मोझॅक हा विषाणू पांढऱ्या माशीबरोबर येतो आणि सोयाबीनची पानं हळदीसारखी पिवळी करून टाकतो. एका रानटी जातीला मात्र तो बाधत नव्हता. शुभदानं तिचा साध्या सोयाबीनशी संकर केला, पिढ्यामागून पिढ्या वाढवल्या, झाडाझाडाचा डीएनए तपासला आणि रोग अडवणारं जनुक कुठल्या गुणसूत्रावर आहे ते शोधून काढलं. शोधनिबंध छापून आला, त्यावर तिचं नाव नव्हतं. विचारायला गेली तर सर हसले. "पानं खुडणाऱ्यांची नावं कुठं छापत बसू?"

ती आपल्या गावी, वडिवळ्याला परतली. धरणाच्या पाण्यावर उन्हाळी सोयाबीन घेऊन बियाणं कंपन्यांसाठी रोगाच्या चाचण्या करू लागली. सरांचं वाण विकायला काढणाऱ्या कंपनीनंही चाचणी तिलाच दिली. सरांना ते उशिरा कळलं.

ते जनुक असलेलं वाण काढायला सरांनी झाडं निवडताना डीएनएतली जी खूण धरली, ती जनुकापासून लांब होती. संकरात दोघांची ताटातूट व्हायची. खूण राहायची, जनुक निघून जायचं. जनुकाला चिकटलेली खूण शुभदानं नंतर स्वतः शोधली होती. सरांची चूक तिनं कुणालाच सांगितली नाही. नियमाप्रमाणे तिनं सरांच्या वाणाला लागून रोगाला बळी पडणाऱ्या सोयाबीनच्या ओळी लावल्या, फवारणी बंद ठेवली. माशी मजेत वाढली.

कंपनीच्या पाहणीला महिना असताना सरांचा फोन आला. "शुभदा, एक फवारणी करून टाक ना. तुझ्या नावाचं बघू आपण."

"चाचणीत बसत नाही, सर."

तिचे वडील सखाराम शेजारीच होते. "पोरी, मानूस हात जोडतोय. कुटं चुकलं ते सांगून टाक की त्याला."

"सांगणार आहे बाबा. सगळ्यांसमोर."

पाहणीच्या सकाळी लोणावळ्याच्या हॉटेलातून पाहुण्यांची बस आली. सरांचं वाण पिवळंधम्मक पडलं होतं. शेजारी शुभदानं आपल्या खुणेवरून निवडलेली झाडं हिरवीगार.

"निरोगी झाडाला एक गुण, पार पिवळ्याला नऊ," शुभदानं पाहुण्यांना सांगितलं. "गुण मोठ्यानं पुकारायचे. सर, तुम्हीच पुकारा."

सरांनी कंपनीच्या साहेबांकडे पाहिलं. त्यांनी झाडांकडे बोट दाखवलं. सर वाकले.

"सात."

"नीट बघा, सर."

"नऊ."

"पुढचं?"

"नऊ... नऊ..."

"मागच्यांना ऐकू येत नाही, सर."

मग तिनं खुणेतली चूक समजावून सांगितली, अगदी शांतपणे.

"खरी खूण कुठली?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या नावानं छापायला दिलीय."

पाहुणे हिरव्या झाडांकडे वळले. सर पिवळ्या ओळीत घाम पुसत उभे राहिले. सखारामांनी त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या उचलला.

"थांबा बाबा," शुभदा म्हणाली. "सरांच्या अजून ओळी राहिल्यात."