ऑगस्टमध्ये मठ्ठ

नऊ सामने झाले होते आणि नऊही आम्ही हरलो होतो. एवढं झाल्यावर माणसाने लाजून गप्प बसावं. आमचे कोच रेडमेकर मात्र रोज एकच घोकायचे, "एक जिंका. एकच. मग वर्ष वाया गेलं असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही." त्या एका विजयासाठी ते काय विकायला तयार होते ते मी पाहिलंय. विकणाऱ्यांत मीही होतो.

आमचं कॉलेज म्हणजे आयोवातल्या मक्याच्या शेतांत टाकलेल्या सात इमारती. इथे अमेरिकन फुटबॉल खेळून कुणी मोठा होत नाही. टीव्ही येत नाही, शिष्यवृत्ती मिळत नाही, बघायला आईबाप आणि त्यांची कुत्री. तरी आम्ही डोकी आपटतो. मी सेंटर. वाकून पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि लगेच समोरच्या रेड्याला अंगावर घ्यायचं. माझ्यामागे चेंडू घ्यायला टोबिन केसल उभा असायचा, डाव चालवणारा आमचा क्वार्टरबॅक. एकोणीस वर्षांचा.

मोसमाआधी, ऑगस्टमध्ये, प्रत्येकाला संगणकासमोर बसवतात. शब्द लक्षात ठेवा, आकार ओळखा, लाल दिसलं की बटण दाबा. ते गुण जपून ठेवतात. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा परत, आणि गुण घसरले तर खेळणं बंद. म्हणून जुनी पोरं नव्यांना शिकवतात : ऑगस्टमध्ये मठ्ठ व्हायचं. मुद्दाम शब्द विसरायचे, बटण उशिरा दाबायचं. मला एका सीनियरने शिकवलं, मी टोबिनला. पिझ्झा खात, हसत. "फार ढ होऊ नकोस," मी म्हणालो, "नाहीतर परत बसवतील. कोचएवढा ढ हो."

आठव्या सामन्यात टोबिनला दोघांनी मिळून आदळलं. उठला तेव्हा त्याचे डोळे दोन दिशांना. चार दिवसांनी त्याची परीक्षा झाली आणि पठ्ठ्या पास. आमची दुखणीखुपणी बघणाऱ्या नोरीनबाई कागद घेऊन कोचकडे आल्या.

"मार बसल्यावर याचे गुण वाढलेत. मला हे पटत नाही."

"मग सगळ्यांनाच एकेक ठेवून देऊ," कोच म्हणाले. "निदान डाव तरी लक्षात राहतील."

आम्ही हसलो. मी जरा जास्तच.

नवव्यात तो खेळला. त्यानंतरच्या आठवड्यात सरावाहून आला की न्हाणीघरात दिवा बंद करून बसायचा, टॉवेल तोंडावर घेऊन. मग ओकायचा. ओकारी, घाम आणि आठवडाभर न धुतलेले मोजे, असा सगळा वास त्या खोलीत कोंडलेला. मैदानात माझ्या शेजारी खेळणारा आमचा गार्ड गुस्ताफसन पायाने बादली सरकवत म्हणाला, "कितवा महिना, वहिनी?" पुन्हा हशा. डोक्याचा पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर पोरगं जागच्या जागी मरू शकतं, यावर आम्हाला तासभर सिनेमा दाखवला होता. सगळ्यांनी पाहिला होता.

मी टोबिनला गाठलं. "नोरीनबाईंना खरं सांग."

"तू सांग की. कुणी शिकवलं तेही सांगशील ना?" तो भिंतीला टेकून बोलत होता. "एकच सामना उरलाय रे, लेन. जाऊ दे."

मी जाऊ दिलं.

दहाव्या सामन्यात मध्यंतराआधी आम्ही पहिल्यांदाच त्यांच्या दाराशी पोचलो होतो, गोलरेषा ओलांडून टचडाउन करायला चार पावलं राहिलेली. मी वाकलो, चेंडूवर हात ठेवला, मागून टोबिनचा आवाज यायची वाट बघत होतो. आवाज आला, पण बाजूने. मान वळवून पाहिलं तर टोबिन गुस्ताफसनच्या मागे हात पसरून उभा, त्याच्याकडून चेंडू मागत होता. समोरचे रेडे हसायला लागले. स्टँडमधून कुणीतरी भुंकून दाखवलं.

मी उभा राहिलो. पंचाची शिट्टी झाली, पाच यार्डांचा दंड. मी टोबिनचं हेल्मेट काढलं. त्याने काढू दिलं, कपडे बदलून घेणाऱ्या पोरासारखं. त्याला दंडाला धरून कडेला नेलं आणि हेल्मेट नोरीनबाईंच्या हातात दिलं.

"याचे ऑगस्टचे गुण खोटे आहेत. मी शिकवलं."

"गाढवा," कोच माझ्या कानात थुंकी उडवत म्हणाले, "चार पावलं. चार पावलं राहिली होती."

नोरीनबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आणखी कोणाचे खोटे आहेत?" त्यांनी मला विचारलं.

अख्खा बाक माझ्याकडे बघत होता. गुस्ताफसन हळूच मान हलवत होता, नाही, नाही. यातल्या निम्म्यांना मीच शिकवलं होतं.

"कुणाचेच नाहीत," मी म्हणालो.

"तुझे?"

सप्टेंबरपासून माझा डावा कान वाजत होता. "माझे खरे आहेत."

 नोरीनबाई टोबिनचं हेल्मेट काखेत मारून त्याला घेऊन बसल्या, आणि मी माझ्या जागेवर जाऊन वाकलो. चौतीस-सहा हरलो. टोबिन अंगावर घोंगडी घेऊन बाकावर बसून होता आणि कुणीही टचडाउन केला की टाळ्या वाजवत होता.